रक्कम नको, घरं मोज

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. ध्वजदिन निधीसाठी वर्गावर्गांत स्पर्धा लावायची आणि ती तू चालवायची, असं बाईंनी ठरवलं याचा मला फार आनंद झाला. पण ‘ज्या वर्गाची रक्कम जास्त तो पहिला’ हे तू म्हणालीस आणि माझ्या पोटात कालवलं. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सोलापुरात आठवीत होते. आदल्या दिवशीच गणपती बोळवले होते. मांडणीवरची भांडी खडखडली आणि अख्खी गल्ली रस्त्यावर आली. तिकडे लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली होती. जवळपास दहा हजार माणसं गेली. शाळेनं निधी गोळा करायला सांगितलं आणि सगळ्यांत जास्त आणेल त्याला बक्षीस ठेवलं. मी तुझ्या आजोबांबरोबर त्यांच्या ओळखीच्या चार कापड दुकानांत गेले. तासाभरात पाचशेच्या वर जमले. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची आई विड्या वळायची. ती पोरगी तीन दिवस शाळा सुटल्यावर विडी कामगारांच्या वस्तीत दारोदार फिरली. रुमालात बांधून आणलेली चिल्लर भरली 31 रुपये. चार आणे, आठ आणे. किती दारं वाजवली असतील तिनं, तूच हिशेब कर. प्रार्थनेनंतर नावं आणि रकमा मोठ्यानं वाचल्या. पहिलं नाव माझं, शेवटचं तिचं. मुलं हसली. मीही हसले. ते हसणं मला अजून सोसत नाही.

आता तर फोनवरून एका क्षणात पैसे जातात. एखाद्याच्या बाबांनी पाच हजार पाठवले की त्याचा वर्ग जिंकला. त्यात मुलानं काय केलं?

म्हणून माझं ऐक. रक्कम मोजू नका, घरं मोजा. किती घरांत जाऊन ध्वजदिन म्हणजे काय ते सांगितलं, किती जणांनी स्वतःच्या हातानं डब्यात काही टाकलं, ते मोजा. एक रुपया टाकणारा आणि हजार टाकणारा, दोघांची नोंद एकच. आपल्याकडे हे पूर्वी झालंय. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. एका पैशासाठी कुणाचं दार लहान नव्हतं.

पण घरी जाऊन सांगायचं तर आधी तुम्हाला माहीत हवं. 1949 पासून 7 डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन पाळतात. छोट्या ध्वजावरचे लाल, गडद निळा आणि फिका निळा हे तीन रंग तिन्ही दलांचे. पैसा शहिदांच्या पत्नी, जखमी होऊन अपंग झालेले जवान, माजी सैनिक आणि त्यांची मुलं यांच्यासाठी जातो. वस्तीत एखादे निवृत्त सुभेदार असतील तर त्यांच्याकडे नुसता डबा घेऊन जाऊ नका. बसा, त्यांचं ऐका.

हिशेबाचं मात्र कडक ठेव, त्यात मैत्री आणू नकोस. डब्याला सील, त्यावर बाईंची सही. उघडताना दोन वर्गांतली मुलं आणि एक शिक्षक समोर. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, मोजदाद दोनदा. पावती मागितली तर लगेच द्यायची, स्थळप्रत जपायची. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पैसे भरले की त्याची पावती सूचना फलकावर लावा. ज्यांनी चार आणे दिले त्यांनाही ते कुठे गेले हे कळायला हवं. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही. माझ्या मैत्रिणीच्या वस्तीनं तर विचारलंही नसेल.

बक्षीस ठेवायचंच असेल तर सगळ्यांत जास्त घरं फिरलेल्या तुकडीला ठेवा. आणि कुणाची रक्कम मोठ्यानं वाचू नका.

सोबत वीस रुपये पाठवते आहे. पावती कर, पण तुझ्या वर्गाच्या खात्यात धरू नकोस. तुझ्यासाठी शेंगाचटणी दिली आहे, खोलीतल्या मुलींनाही दे.

तुझी,
आई