‘नीट करू’ म्हणून राहिलेला पसारा

मा. संपादक,

घर आवरत नाही त्याला आपण आळशी म्हणतो. माझा अनुभव वेगळा आहे. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी खालच्या खोलीत सात पेट्या कागद होते: वडिलांची पत्रं, आडत्याकडच्या हळदविक्रीच्या पावत्या, जुनी वीजबिलं. एकेक कागद वाचून, वर्षवार लावून, चांगल्या फायलीत ठेवायचा, असं मी ठरवलं होतं. तेवढी सलग सवड कधी मिळाली नाही, आणि अर्धवट हात लावायला मन होईना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं नि सगळ्याचा लगदा झाला. आईच्या हातची लोणच्या-मसाल्यांची वही त्यातच होती. ती वेगळी काढायला पाच मिनिटं पुरली असती. ती हळहळ अजून जात नाही.

आता रोज दुपारी एकच पिशवी घेऊन बसते. ठेवायचं, द्यायचं, रद्दी. एखादा कागद चुकून गेला तरी चालेल, हे स्वतःला बजावावं लागतं. ते फार जड जातं.

नदीकाठच्या वाचकांना कळकळीची विनंती, घराची कागदपत्रं, सातबारा, फोटो पावसाळ्याआधी आहेत तसे गाठोड्यात बांधून माळ्यावर टाका. फायली मागाहून आणा.

– एक निवृत्त शिक्षिका, सांगली