पशुसखी ताई, पाटी खाली ठेवायला लावलीत म्हणून

प्रिय ताई,

तुम्ही गावातल्या जनावरा-कोंबड्यांच्या आजारपणात धावून येणाऱ्या पशुसखी. बचत गटाच्या बैठकीत आपण भेटतो, पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

श्रावणातली गोष्ट. माझी गिरिराज जातीच्या कोंबड्यांची २१ पिल्लं, महिनाभराची. दोन दिवस त्यातली चार-पाच पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसत होती. तिसऱ्या दिवशी खुराडं उघडलं तर तीन मेलेली. माझ्या पोटात गोळा आला. आदल्या उन्हाळ्यात मानमोडीनं, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत आजारानं, सगळं खुराडं चार दिवसांत रिकामं केलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "उरलेली बाजारात काढ, चार पैसे तरी येतील." मी पिल्लं पाटीत भरायलाही घेतली.

तुम्ही आलात आणि आधी पाटी खाली ठेवायला लावलीत. आजारी पिल्लं बाजारात नेली तर आजार दहा घरी जातो, एवढंच म्हणालात. मग खुराड्यात वाकून भाताचं तूस मुठीत दाबलंत. मूठ उघडली तर त्याचा लाडूच. "ओल आहे बघ. कोरडं असतं तर सुटलं असतं." काडीनं शीट उलटवून दाखवलीत, त्यात ताजं रक्त. मानमोडीत हिरवट-पांढरी हगवण लागते, पक्षी चोच उघडून धापा टाकतो, मान पिळवटते, पाय लुळे पडतात. इथे तसं काहीच नव्हतं. "ही रक्ती हगवण वाटते. हिला औषध आहे," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी तिथेच मटकन बसले.

मेलेलं एक पिल्लू पिशवीत घेऊन तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यात आलात. डॉक्टरांनी ते उघडून तपासलं, तोच आजार निघाला. पाण्यातून द्यायचं अँप्रोलियम हे औषध त्यांनी मात्रेसकट लिहून दिलं. घरी येऊन पिल्लांनी औषधाचंच पाणी प्यावं म्हणून दुसरी सगळी पाण्याची भांडी उचलली, ओलं तूस काढून कोरडं घातलं, सुस्त पिल्लं वेगळी डालली. मेलेली मी ओढ्यात टाकणार होते. तुम्ही खोल खड्डा काढून चुना टाकून पुरायला लावलीत. नंतर आणखी एक गेलं. १७ वाचली.

ताई, एक कबूल करायचंय. मानमोडीच्या वेळी तुम्ही "याला औषध नाही, लसच हवी होती" म्हणालात, तेव्हा मला राग आला होता. खरं तर लसीच्या दिवशी मीच कोंबड्या डालून ठेवल्या नव्हत्या.

यंदा १७ पिल्लं दोन महिन्यांची झाली तेव्हा मानमोडीची आर-टू-बी लस द्यायची होती. तिची बाटली १०० पक्ष्यांची. म्हणून तुम्ही आदल्या संध्याकाळी नऊ घरं फिरून निरोप दिलात. पहाटे कोंबड्या सोडायच्या आत बर्फाच्या थर्मासातून बाटली काढलीत, आणि लस एकदा कालवली की थांबता येत नाही म्हणून चहालाही टेकला नाहीत. शेजारच्या काकूंची एक कोंबडी सुस्त दिसली, तर त्या रुसल्या तरी तिला लस दिली नाहीत. आजारी पक्ष्याला लस द्यायची नसते हे मला त्या दिवशी कळलं.

आता रोज खुराडं उघडताना मी आधी शीट बघते, मग तुरे. तूस मुठीत दाबून बघते.

करडी कोंबडी खुडूक होती, तिला १२ अंड्यांवर बसवलंय. येत्या गुरुवारी २१ दिवस भरतात. पिल्लं आठवड्याची होतील तेव्हा डोळ्यात लासोटा या मानमोडीच्या लसीचा थेंब घालायला या. या वेळी चहा मात्र घ्यायचाच.

तुमची,
खालच्या आळीतली मैत्रीण