पाण्याच्या खेपा कुठे लिहायच्या?

मा. अर्थ व नियोजन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

२०११च्या फेब्रुवारीत मी दुष्काळी माण तालुक्यात जनगणनेची प्रगणक होते. शाळा सुटली की प्रपत्रं घेऊन वाड्यावस्त्यांवर जायचं. वर्षभरात काही काम केलंत का, असं बायकांना विचारलं की बहुतेक दारांत एकच उत्तर, "काय नाय बाई, घरीच असते." सांगणारीच्या डोक्यावर कधी सरपणाची मोळी असे, कधी कमरेवर कळशी. मी घरकामाचा सांकेतांक २ लिहून पुढच्या दाराकडे वळायचे. देशभरात घरकाम हेच मुख्य काम अशी नोंद झालेल्या स्त्रिया जवळपास १६ कोटी निघाल्या, पुरुष ५८ लाखही नाहीत. त्यातल्या काही नोंदी माझ्या हातच्या आहेत आणि त्या मला अजून बोचतात.

म्हणून २०१९मध्ये पहिलं देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण झालं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. इथे 'काम करता का' यावर भागत नाही. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलंत ते अर्ध्या अर्ध्या तासाने सांगायचं असतं. एकाच अर्ध्या तासात भाकरी थापली, पोराला भरवलं आणि सासूला औषध दिलं, तर किमान दहा मिनिटांची अशी तीन कामंसुद्धा नोंदवता येतात. 'घरीच असते' म्हणणाऱ्या बाईचा दिवस तिथे उलगडतो.

त्या वर्षी घरकाम करणाऱ्या, सहा वर्षांवरच्या स्त्रियांचा घरकामात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला, पुरुषांचा ९७. २०२४च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची दहा मिनिटं वाचली खरी, पण पुरुषाचीही नऊ वाचली. दोघांतलं अंतर २०२ मिनिटांचं होतं, ते पाच वर्षांनी २०१ झालं. शिवाय ही ८८ मिनिटं सगळ्या पुरुषांची नव्हेत. शंभरातले जेमतेम सत्तावीस त्या दिवशी घरकामाला हात लावतात, त्यांची आहेत.

असे आकडे उपयोगी पडतात, साहेब. जानेवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातात गेलेल्या एका दांपत्याच्या वारसांची भरपाई ठरवताना २०१९चे हेच आकडे निकालपत्रात घेतले आणि गृहिणीच्या कामाचं मोल धरलं.

पण माणच्या बाईचा दिवस या २८९ मिनिटांत मावत नाही. पाणी आणणं, सरपण गोळा करणं हे सर्वेक्षणाच्या वर्गीकरणात घरकाम नाही. 'स्वतःच्या वापरासाठी वस्तूंचं उत्पादन' या वेगळ्या गटात ते जातं. शास्त्र म्हणून ते योग्यच असेल, पण बातमीत येतो तो घरकामाचा आकडा, आणि हंडा मागे राहतो. शिवाय सर्वेक्षण वर्षभर चालतं, त्यामुळे मे महिन्यातल्या टँकरसमोरच्या रांगा आषाढातल्या भरल्या विहिरींशी मिसळून एकच सरासरी निघते. अहवाल राज्यापाशी थांबतो. माण आणि मुंबई एकाच आकड्यात.

अर्थ व सांख्यिकी संचालनालय आपल्याच नियोजन विभागाचं आहे. केंद्राच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्यांत राज्य आपला जुळता नमुना, म्हणजे त्याच प्रश्नांसाठी आपल्याकडून निवडलेली आणखी काही घरं, घेत आलं आहे. वेळ-वापराच्या पुढच्या फेरीत तो एवढा मोठा घ्या की प्रत्येक जिल्ह्याचा आकडा वेगळा काढता येईल. पाणी आणि सरपणाची मिनिटं घरकामाशेजारीच छापा, उन्हाळ्याची वेगळी. दरवर्षी अर्थसंकल्पाआधी येणाऱ्या आर्थिक पाहणीत त्याचं स्वतंत्र प्रकरण असू द्या. नळयोजनेवर किती कोटी गेले हे आम्हाला कळतं. त्या गावातल्या बाईची किती मिनिटं वाचली, तेही छापून आलं पाहिजे.

आणखी एक मागणी. फेब्रुवारी २०२७मध्ये पुन्हा शिक्षक दारोदार जातील. जनगणना केंद्राची असली तरी माणसं आपल्या शाळांतली असणार. त्यांच्या प्रशिक्षणात एक तास यासाठी राखून ठेवा. 'घरीच असते' असं उत्तर आलं की लगेच सांकेतांक टाकायचा नाही. खुरपणीला कोण जातं, जनावरांचं कोण बघतं, दूध कोण काढतं, हे आधी विचारायचं. घरच्या शेतात बिनपैशाने राबणंही जनगणनेत कामच धरतात. मला ते प्रशिक्षणात सांगितलं होतं. उन्हं उतरायला लागली होती, घरं बरीच उरली होती, आणि मी विचारलं नाही.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. माण, जि. सातारा