ताई, तुमचा तो उलटा फोटो

प्रिय ताई,

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना ते न लिहिताही कळेल. आपल्या क्लायंबर, म्हणजे कडे चढणाऱ्या, मंडळींत आता धड उत्तर देणारे उरलेत तरी किती!

नुसते आभार मानायचे तर चार ओळी पुरल्या असत्या. पण तुम्ही आलात त्याच्या आधीचे दिवस कसे गेले हे सांगितल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते कुणाला समजायचं नाही, आणि ते सांगताना माझी जीभ जरा तिखट होणार आहे. चालवून घ्या.

प्रश्न साधाच होता. कातळात बोल्ट मारलेला चढायचा मार्ग, वर अँकरला, म्हणजे दोर अडकवायच्या पक्क्या जागेला, दोन बंद कड्या. लीड करून, म्हणजे कंबरेचा दोर वाटेतल्या बोल्टांना अडकवत, वर पोचलेल्या माणसाला आपले क्विकड्रॉ (दोर अडकवायच्या हुकांच्या जोड्या) काढून घेऊन उतरायचं असेल तर दोर त्या कड्यांतून ओवावा लागतो, आणि ओवायचा तर कंबरेची गाठ केव्हातरी सोडावी लागते. ती नेमकी कधी सोडायची, यावर माझं आणि माझ्या मैत्रिणीचं एकमत होईना: मी म्हणे दोर कड्यांतून घेऊन पुन्हा स्वतःला अडकवल्यावरच, ती म्हणे स्वतःला अँकरला बांधून घेऊन आधीच. दोघी वेगवेगळ्या लोकांकडून शिकलेल्या, दोघींना आपलंच बरोबर वाटत होतं. आम्ही काही कड्यावर लटकत भांडत नव्हतो. जमिनीवर, हार्नेस (दोर बांधायचा कंबरपट्टा) चढवून, हाताच्या उंचीला कड्या अडकवून करून बघत होतो. ज्यांना विचारायचं त्यांना विचारावं आणि मगच वर जावं, इतकी अक्कल आम्हाला होती.

मंडळींच्या ऑनलाइन गप्पांत विचारलं, आणि मंडळींनी आपली जात दाखवली. पहिल्याने लिहिलं, हे विचारावं लागतंय म्हणजे वर जाऊच नका. दुसऱ्याने, यावर पूर्वी बोलणं झालंय, शोधा. कुठे शोधायचं ते त्यालाही ठाऊक नसावं, कारण मी विचारल्यावर तो परत फिरकलाच नाही. तिसऱ्याने नुसता हसणारा चेहरा टाकला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं एक वेळ ठीक आहे हो, त्यांच्यामुळे कुणाच्या जिवाला धोका नसतो. धोका होता तो चौथ्याच्या उत्तराचा. त्याने मात्र अगदी मनापासून, मुद्देसूद लिहिलं होतं: कडीत एक स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फास) घाला, दोर स्लिंगमधून घ्या आणि बिले देणाऱ्याला, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याला, खाली सोडायला सांगा, म्हणजे कड्याही झिजत नाहीत. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

ताणलेला दोर स्लिंगच्या एकाच जागेवरून घासत गेला की ती जागा तापते आणि स्लिंग वितळून तुटते. डायनीमा या प्लास्टिकच्या धाग्याची स्लिंग तर साधारण 145 अंश सेल्सिअसलाच वितळते. धावता दोर धातूवरूनच न्यायचा, हे आपल्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. आणि तरी ते उत्तर तिथेच होतं. एक दिवस, दोन दिवस, कुणी चकार शब्द काढला नाही. मी विरोध केला तर 'तुम्हीच तर विचारायला आला होतात ना?' असं ऐकून घ्यावं लागलं. ज्यांना कळत होतं असे चार-पाच जुनेजाणते तेव्हा तिथे होते, हे मला माहीत आहे, कारण त्याच दिवसांत त्यांनी एकमेकांच्या फोटोंना 'कडक!' म्हटलेलं मी पाहिलं. या प्रश्नावर मात्र सगळे मूग गिळून.

मी या मंडळींत आले तेव्हा असं नव्हतं. चुकीचं उत्तर तासभर टिकायचं नाही, दहाजण तुटून पडायचे. 2012 च्या जानेवारीत दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पातागोनियातल्या सेरो तोरे या सुळक्यावरचे बोल्ट दोघा तरुण क्लायंबर्सनी उतरता उतरता काढून टाकले, तेव्हाची जुंपलेली मला अजून आठवते. चेझारे माएस्त्री या इटालियन क्लायंबरने 1970 मध्ये काँप्रेसर ओढून नेऊन ठोकलेले ते बोल्ट, शंभरावर काढले. कुणी म्हणे हा तर कड्याचा उद्धार, कुणी म्हणे दुसऱ्याचा मार्ग पुसायचा यांना अधिकार काय. पातागोनिया नकाशावर सापडला नसता अशी माणसंसुद्धा मध्यरात्रीपर्यंत हमरीतुमरीवर! पण त्या भांडणात मी किती शिकले. ठोकून फुगणारा बोल्ट आणि रसायनाने चिकटवून बसवलेला बोल्ट यांतला फरक तिथेच कळला. समुद्राजवळच्या चुनखडीत स्टेनलेस स्टीलही आतल्या आत तडकतं, म्हणून तिथे टायटॅनियम वापरतात, हेही त्याच भांडणात कुणीतरी रागारागाने लिहून गेलं होतं.

तीन वर्षांनी टॉमी कॉल्डवेल आणि केविन जॉर्जसन अमेरिकेतल्या योसेमिटीत डॉन वॉल या मार्गावर होते आणि जॉर्जसन पंधराव्या पिचवर, म्हणजे टप्प्यावर, अडकून बसला होता. बोटांची कातडी फाटलेली, एक दिवस थांबायचं, पुन्हा प्रयत्न, पुन्हा सुटणं. इकडे आपली मंडळी त्याच्या बोटांची काळजी वाहत होती. अवघड पिचसाठी ते रात्री हेडलॅम्प लावून का चढतात, असं कुणी बावळटासारखं विचारलं. त्याला कुणी हसलं नाही. थंडीत हात घामेजत नाहीत आणि बुटाचं रबर कातळ जास्त धरतं, हे त्याला तिघांनी तीन तऱ्हांनी समजावलं.

आता क्लायंबिंग कधी नव्हतं एवढं वाढलंय. टोकियोच्या खेळांत, 2021 साली, ते पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. पॅरिसला 2024 मध्ये स्पीडचं, म्हणजे वेगाने चढण्याचं, पदक वेगळं झालं. भिंती वाढल्या, बूट घालणारे पाय वाढले. आणि आपल्याकडे सामसूम. लोक म्हणतात फोटो आणि रील्सनी गप्पा खाल्ल्या. मला हे पटत नाही. फोटो तेव्हाही टाकायचेच की सगळे. मंडळी गप्प झाली ती विचारणाऱ्याची टर उडवायची सवय लागली म्हणून. ज्याला एकदा 'हेही माहीत नाही?' ऐकावं लागलं तो दुसऱ्यांदा विचारत नाही. विचारणारे संपले की सांगणाऱ्यांनाही यायचं कारण उरत नाही. मग राहतात फक्त कौतुकाचे धनी. सांगणाऱ्यांचीही बाजू आहे, नाही असं नाही. तोच तो प्रश्न वर्षानुवर्षं आला की माणूस कातावतो. पण कातावलेल्या माणसाने गप्प बसावं, नवख्याला घालूनपाडून बोलू नये, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

असो. मग तुम्ही आलात.

तुमचं उत्तर मी इथे सगळं उतरवत नाही. ज्याला शिकायचं त्याने ते जाणत्या माणसाला शेजारी उभं करून शिकावं, असं तुम्हीच त्यात दोनदा लिहिलंय. एवढंच सांगते की सुरुवात तुम्ही 'दोघींचं बरोबर आहे' अशी केलीत. कडी मोठी असेल तर दोराची घडी तिच्यातून ओढून, तिला गाठ मारून, ती लॉकिंग कॅरॅबिनरने (बंद करता येणाऱ्या धातूच्या हुकाने) बिले लूपला, म्हणजे हार्नेसच्या पुढच्या फासाला, अडकवायची आणि त्यानंतरच कंबरेची मूळ गाठ सोडायची. दोर एक क्षणही आपल्यापासून सुटत नाही. कडी इतकी अरुंद असेल की घडी शिरतच नाही, तर मैत्रिणीची रीत, स्वतःला अँकरला नीट बांधून घेऊन मग गाठ सोडायची. इतके दिवस आम्ही भांडत होतो आणि निकाल कडीच्या मापात होता! हे सांगायला दुसऱ्या कुणाला सुचलं नाही, कारण कड्या कशा आहेत हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही आधी ते विचारलंत, मग लिहिलंत.

त्या स्लिंगवाल्यालाही तुम्ही सांगितलंत. मी तर त्याच्यावर दात खाऊन होते. तुम्ही लिहिलंत, 'कड्या वाचवायचा विचार चांगला आहे, त्यासाठी दिवसभर आपलेच कॅरॅबिनर लावून चढा आणि फक्त शेवटच्याने कड्यांतून उतरावं. स्लिंगवरून मात्र कधीच नको, वितळते.' त्याने ते काढून टाकलं आणि तुमचे आभारही मानले. ज्याला दहाजणांनी मिळून झोडपायला हवं होतं असं मला वाटत होतं, त्याला तुम्ही चार वाक्यांत सुधारलंत, तेही त्याची लाज राखून.

पण मला खरं लिहायचंय ते त्या फोटोबद्दल.

गाठींचे फोटो ढिगाने मिळतात. स्वच्छ टेबल, नवा करकरीत दोर, गाठ समोरून, अगदी पुस्तकात असते तशी. तुम्ही काय केलंत? हार्नेस घातलात, तुमच्याच एका जुन्या, लव आलेल्या दोराने गाठ मारलीत, आणि मान खाली घालून वरून फोटो काढलात. म्हणून त्या फोटोत गाठ उलटी दिसते. खाली तुमचा डावा गुडघा आणि बुटाचं टोक आहे, कोपऱ्यात खडू लागलेला अंगठा. गाठीची शेपटी तुमच्या पोटाकडे वळलेली. खाली एकच ओळ: 'वर असताना तुला हे असं दिसेल.'

ताई, मला इतक्या वर्षांत कुणी गाठ माझ्या बाजूने दाखवली नव्हती. शिकवणारा समोर उभा राहून दाखवतो आणि आपण मनातल्या मनात ती फिरवून घेतो. जमिनीवर ते जमतं. वर, पोटऱ्या थरथरत असताना, वारा कानात शिरलेला असताना, कुणाला जमतंय फिरवायला? फोटो मिळाल्यावर मी दोर बांधला, मान खाली घातली आणि तुमच्या फोटोशी एकेक पेड ताडून पाहिला. जोड्या समांतर, कुठे एकमेकींवर चढलेल्या नाहीत, शेपटी पुरेशी लांब. मैत्रिणीनेही तसंच केलं. दोघींच्या गाठी तुमच्यासारख्या दिसल्या. त्याहून मोठा धीर दुसरा नाही.

हे एवढं मनाला का लागलं असेल? या खेळात माणूस अज्ञानाने जातो त्यापेक्षा जास्त वेळा अर्धवट राहिलेल्या गोष्टीने जातो. योसेमिटीतल्या एल कॅपिटन कड्यावरचा नोज हा मार्ग सगळ्यांत आधी फ्री, म्हणजे दोराला न लटकता फक्त हातापायांनी, चढणारी लिन हिल, तिने ते 1993 मध्ये केलं. त्याच्या चार वर्षं आधी ती फ्रान्समधल्या ब्यूक्सच्या कड्यावरून 70 फुटांहून जास्त खाली आली होती. गाठ येत नव्हती म्हणून नव्हे, मारायला घेतलेली पुरी झाली नव्हती म्हणून. झाडाच्या फांद्यांनी वाचवलं. जगातली सर्वोत्तम क्लायंबर मान खाली घालून एकदा बघायची राहून गेली, तर आमची काय कथा. बघायचं काय, हे तुम्ही दाखवलंत.

तुम्हाला हे करायची काही गरज नव्हती. तुम्ही आम्हाला ओळखत नाही. त्या संध्याकाळी तुम्ही घरात हार्नेस चढवून बसलात, दोर शोधून काढलात, प्रकाश नीट यावा म्हणून कुठे तरी उभ्या राहिलात असाल. घरच्यांनी विचारलंही असेल, हे काय चाललंय! कुणा दोन अनोळखी पोरींसाठी. चांगुलपणा म्हणतात तो बहुतेक असाच असतो: समोरच्याच्या जागी जाऊन, तिथून काय दिसतं ते बघून यायचं, आणि त्याचा गाजावाजा करायचा नाही. मला आपल्या क्षेत्रातले मोठमोठे विक्रम तोंडपाठ आहेत. ते करणाऱ्यांबद्दल आदर आहे. पण दोराला लटकताना मला त्यातला एकही आठवत नाही, तुमचा गुडघा आठवतो.

आम्ही गेलो. चढलो, ओवलं, उतरलो. सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, आणि तेच तर हवं होतं. निघण्याआधी, तुम्ही लिहिलं होतंत तसं, खाली उभं असतानाच ठरवून टाकलं की वर गेलेली रॅपल (स्वतःच दोरावरून उतरणं) करणार नाही, खालची तिला 'उतरव' ऐकल्यावर उतरवणार, आणि ती जमिनीवर टेकेपर्यंत बिलेवरचा हात निघणार नाही. वर वाऱ्यात मला मैत्रिणीचा आवाज अर्धाच येत होता. आधी ठरलं नसतं तर त्या अर्ध्या आवाजाचा अर्थ लावत बसले असते.

आता एक काम आहे, म्हणून पत्र आजच पाठवते. काल एका मुलाने विचारलंय की त्याचा दोर गाडीच्या डिकीत जुन्या बॅटरीशेजारी पडून होता. डाग नाही, वास नाही, हाताला कडक लागत नाही, तर वापरू का? कुणीतरी लगेच हसणारा चेहरा टाकलाच. मी त्याला लिहिलंय की वापरू नकोस, बॅटरीच्या आम्लाने, नुसत्या वाफेनेही, नायलॉन आतून कुजतं आणि वरून काहीच दिसत नाही. त्याला ते पटलेलं दिसत नाही; दोर नवा आहे आणि जीव तुटतोय बिचाऱ्याचा. तुम्ही चार ओळी लिहिल्यात तर ऐकेल. त्याला शनिवारी कड्यावर जायचंय, तेव्हा जमलं तर शुक्रवारच्या आत.

तुमची,
बंद कड्यांचा प्रश्न विचारणारी