पंचनाम्यात लहान पोरांचा रकाना कुठाय?

प्रति,
मा. महिला व बालकल्याण मंत्री, कर्नाटक सरकार

ताई, नमस्कार.

तुम्ही आमच्याच बेळगाव जिल्ह्याच्या, त्यामुळं वेदगंगा-दूधगंगेला पाणी चढलं की निपाणी-चिकोडीकडं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. २०१९ चा ऑगस्ट आणि परत २०२१ चा जुलै, दोन्ही वेळेला माणसं पोराबाळांना घेऊन काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत राहिली, पाणी उतरल्यावर तलाठी आले, भिंती बघितल्या, जनावरं मोजली, ऊस किती गेला लिहून घेतलं. २०१९ ला तातडीचे १० हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर झाले, ज्यांना मिळाले त्यांना आधार झाला. पण चार वर्षांच्या पोराचं काय झालं हे लिहायला त्या पंचनाम्यात जागाच नव्हती. मी पहिलीला शिकवते, ती पोरं पुढं माझ्या वर्गात आली म्हणून हे पत्र.

काय होतं ते सांगते. चांगलं वीसपर्यंत मोजणारं पोर पाचावर अडकतं, कधीचं सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, आई संडासला गेली तरी रडतं, आभाळ भरून आलं की दप्तर घेऊन दारात उभं राहतं. घरचे म्हणतात लाडावलंय, आम्ही मास्तर लोक म्हणतो लक्ष नाही. अहो लक्ष कुठनं असणार, भीती बसली की अंगात कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढतं आणि ते बरेच महिने वाढलेलं राहिलं तर आठवण ठेवणं, एका जागी मन लावणं, राग आवरणं या सगळ्यावरच त्याचा परिणाम होतो, आणि हे नेमकं त्या वयात जेव्हा मेंदू सगळ्यात जोरात वाढत असतो. सहाव्या वर्षापर्यंत आकारानं तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण ९० टक्के झालेला असतो.

आणि पूर तर सगळ्यांना दिसतो तरी. हायवेला बाईकवरनं बाप गेला, आई अचानक माहेरी निघून गेली, आजी कोविडमध्ये दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही, असल्या घरातल्या पोराला आपण काय सांगतो? पप्पा गावाला गेलेत. मग ते रोज वाट बघतं, आणि आई बाजाराला निघाली तरी पदर सोडत नाही, कारण त्याच्या हिशोबानं गावाला गेलेलं माणूस परत येत नाही. आजी झोपलीय म्हटलं तर झोपायलाच घाबरतं. त्यातनं या वयात पोरांना वाटतं की मी हट्ट केला, मी वाईट बोललो म्हणूनच असं झालं, आणि हे ती कुणाला बोलून दाखवत नाहीत, खेळात दाखवतात. बाहुलीला परत परत पाण्यात बुडवणारी पोरगी मी बघितलीय, तिला गप्प बसवू नये, तिच्याशेजारी बसावं, एवढं सुद्धा आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

बरीचशी पोरं सावरतात ताई, हेही तितकंच खरं. रोज भेटणारं एक मायेचं माणूस, ठरलेल्या वेळेला जेवण-झोप-खेळ, आणि सोप्या शब्दात खरं सांगणं, एवढ्यावर सावरतात. ते माणूस तुमच्याच खात्याकडं आहे, गावातली अंगणवाडीताई. पण तिला पोषण ट्रॅकर या मोबाईल अ‍ॅपमध्ये माहिती भरण्यातनं आणि सर्व्हेतनं सवड मिळेल तेव्हा ना.

म्हणून मागणं असं, काळजी केंद्र उघडलं की दुसऱ्याच दिवशी त्याच आवारात अंगणवाडी भरवा, तीच ताई, तीच वेळ, तीच गाणी, आणि तेवढे दिवस तिला बाकी कामं लावू नका. पंचनाम्यात सहा वर्षांखालच्या पोरांचा एक रकाना घाला, आणि घरात मृत्यू झाला असेल तर ताईनं वर्षभर त्या पोराकडं लक्ष ठेवून नोंद करावी. ट्रेनिंग निम्हान्सकडनं घ्या, बेंगळुरूची ती मानसिक आरोग्याची मोठी संस्था आपल्याच राज्यात आहे की. बळ्ळारीत १९८० च्या दशकात त्यांनी साध्या आरोग्य केंद्रातल्या लोकांना मानसिक आजार ओळखायला शिकवलं आणि त्याच नमुन्यावर १९९६ साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला, मग बेळगावात अंगणवाडीताईंना शिकवणं काय अवघड आहे? फक्त निपाणी, खानापूर, बेळगाव तालुक्यात हे मराठीतनं पण द्या. भाषेचा वाद म्हणून मी हे म्हणत नाही, घाबरलेलं पोर घरातल्याच बोलीत बोलतं आणि त्याच्या आईला पण त्याच बोलीत समजवावं लागतं.

टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, चांगलाच आहे, पण तीन वर्षांचं पोर फोन लावत नाही आणि त्याच्या आईला हा त्रास आहे हेच माहीत नसतं. तो नंबर निदान प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर कन्नड आणि मराठीत रंगवून घ्या, आणि ताईंच्या ट्रेनिंगची पहिली बॅच येत्या पावसाळ्याच्या आत नदीकाठच्या गावांपासून सुरू करा.

आपली,
निपाणी तालुक्यातली एक प्राथमिक शिक्षिका