स्कूबाच्या टाकीचे खरे आकडे हवेत

महोदय,

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात नवख्यांना स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली फिरण्यासाठी, नेणारा मार्गदर्शक म्हणून हे पत्र लिहीत आहे. जगभर सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'अॅल्युमिनियम ८०' टाकीत, नावात ८० असले तरी, २०७ बार दाबाला सुमारे ७७.४ घनफूट हवा मावते आणि त्या हवेचेच वजन अडीच किलोहून अधिक भरते. त्यामुळे सुरुवातीला समुद्राच्या पाण्यात अर्धा किलो किंवा थोडी अधिक जड असणारी ही टाकी हवा संपेल तशी हलकी होत जाते आणि रिकामी झाल्यावर सुमारे २ किलो बळाने वर ओढते. कमरेला शिसे किती बांधायचे, हे ठरवताना हा फरक धरावाच लागतो. शिसे कमी पडले तर शेवटी ५ मीटर खोलीवर सेफ्टी स्टॉपसाठी, म्हणजे वर येण्याआधीच्या सुरक्षा-थांब्यासाठी, थांबू पाहणारा माणूस तिथे न टिकता वर खेचला जातो.

असे असूनही भरवशाचे आकडे सहजी मिळत नाहीत. एकाच मॉडेलचे दोन तक्ते मी ताडून पाहिले, तेव्हा त्यांत पाऊण किलोची तफावत निघाली. एकात पितळी व्हॉल्व्हचे वजन धरले होते, दुसऱ्यात नव्हते, आणि हे दोन्हीकडे कुठेच लिहिलेले नव्हते! शिवाय 'रिकामी' म्हणजे शून्य दाब की थोडी हवा उरलेली असतानाचा ३५ बार, पाणी खारे की गोडे, हेही सांगितलेले नसते. युरोपीय टाकीच्या खांद्यावर लिटरमधील क्षमता व रिकामे वजन कोरलेले असते; अमेरिकी टाकीवर मात्र ती कोणत्या मानकानुसार बनवली ते, दाब, क्रमांक, चाचणीची तारीख एवढेच सहसा आढळते. पोलादी टाकी तर रिकामी झाली तरी बहुधा बुडतीच राहते, म्हणून एकीचे गणित दुसरीला लावता येत नाही.

खरे तर मोजणी अवघड नाही. व्हॉल्व्हसह टाकी ताणकाट्याला टांगून समुद्राच्या पाण्यात पूर्ण बुडवावी. ती तरंगत असेल तर शिसे बांधावे आणि त्या शिशाचे पाण्यातले वजन आधी मोजून मग वजा करावे. प्रत्येक केंद्राने आपल्या प्रत्येक टाकीचे भरलेली असतानाचे आणि ३५ बारला असतानाचे आकडे, व्हॉल्व्ह व पाण्याच्या उल्लेखासह, मराठीत लिहून टाकीलाच अडकवावेत. तारकर्लीत राज्य पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिने पुढाकार घेऊन प्रचलित टाक्यांची अशी मोजणी करून द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक स्कूबा मार्गदर्शक, मालवण