मॅडम, तुम्ही जिना उतरलात त्याबद्दल थँक्यू

मॅडम, तुम्हाला मी आठवणारही नाही कदाचित. दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढणारा आणि 'चढताना काही नाही हो, उतरताना जीव जातो' असं दहा वेळा ऐकवणारा तो तुमचा गुडघेदुखीवाला पेशंट. थँक्यू तोंडावर म्हणायला जमलं नाही, घसा दाटून आला होता, म्हणून लिहितोय.

तुमच्याआधी दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. एका मोठ्या डॉक्टरांनी गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही, एमआरआय उजेडात धरला आणि म्हणाले, चाळिशी उलटली ना, बास आता गड. दुसरीकडे शेक देऊन दहा सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारलं. आठ महिने गेले यात, घरात सगळ्यांवर खेकसत होतो.

तुम्ही म्हणालात, एका बोटाने दाखवा कुठे दुखतं. मी वाटीच्या बरोब्बर खाली बोट ठेवलं. मग 'चला, जिन्यात जाऊ' म्हणालात आणि बाहेर पाच पेशंट बसलेले असताना, कठड्याला धरून, माझ्या पुढे एकेक पायरी उलट्या उतरत गेलात, अनवाणी, दोन मजले, नजर माझ्या गुडघ्यावर. खोटं कशाला सांगू, अर्धं दुखणं तिथेच गेलं.

मग गुडघ्यावर चिकटवलेली ती निळी टेप. तिचे कोपरे कात्रीने गोल कापलेत, नाहीतर पँटला घासून सुटते म्हणे. परत जिना उतरलो, खरंच हलकं वाटलं, मी लगेच पाच रोल घ्यायला निघालो तर तुम्हीच अडवलंत. म्हणालात, टेपने टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, बरा होत नाही, थोडे दिवस दुखणं दबतं, तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा. आधी भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसायचं, 45 सेकंद, पाच वेळा, नंतर वजन घेऊन स्क्वॉट, आणि तीन महिने तरी धरून चाला. आमच्या गल्लीतला सायकलवाला असाच होता, नुसती हवा गेली असेल तर पंप मारून पाठवायचा, पैसे नाही घ्यायचा. अशी माणसं भेटली की दिवसभर कुणाशी भांडावंसं वाटत नाही.

चौथा महिना चालू आहे. परवा टेप न लावता गड उतरलो, शेवटी शेवटी जरा ठणकलं, पण उतरलो. वरून तुमच्यासाठी मडक्यातलं दही घेतलं होतं, ते वाटेत माकडाने पळवलं. म्हणून सध्या नुसतं पत्र.